पंखा बंद करू नकोस

आधी तो पंखा लाव बघू. लाव म्हणते ना! मग बोलू.

मावशीने फोनवर सगळं सांगितलंय मला. चार रात्री तू पंखा-कूलर बंद करून झोपलीस, म्हणजे झोपली नाहीसच. दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलीस आणि काल तर चार्ज करायचा नाही म्हणून फोनही बंद पडू दिलास. रायपूरच्या नौतपात! अगं, या नऊ दिवसांत इथली कुत्रीसुद्धा हापशाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडतात. पारा पंचेचाळीसवर, आणि आमची बाई निषेध नोंदवतेय. कोणाचा, तर स्वतःचाच.

कुठून आलं हे, ते ठाऊक आहे मला. सत्यनारायणाच्या जेवणाला काका बोलले ना, तिथून. तू हसदेवचं जंगल वाचवायच्या सभेतून थेट पंगतीला आली होतीस, ओढणीवरचा कागदी बिल्लाही काढला नव्हतास. कूलरसमोरची जागा धरून आमरसाची वाटी तोंडाला लावलीस आणि काका म्हणाले, "कोळसा नको, पण कूलर पाहिजे! वा रे पर्यावरणवाली!" पंगत हसली. मीही हसले. हे आधी कबूल करते, कारण त्यानंतर तू माझ्याकडे जसं पाहिलंस ते काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून तर बोलावून घेतलं.

एक सांगू? ते वाक्य काकांचं नाहीच. काका नवं काही बोलणाऱ्यांतले नाहीत. २०२२ चा जून आठव. हसदेवमध्ये कोळशाच्या खाणीसाठी झाडं तोडायची तयारी चालली होती, गावकरी हरिहरपूरला मार्चपासून धरण्यावर बसले होते, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल म्हणाले होते की विरोध करणाऱ्यांनी आधी आपापल्या घरची वीज बंद करावी आणि मग मैदानात यावं. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर हेच चाललं होतं. गणिताच्या सरांनी तर माझ्या टेबलावरचा पंखा मुद्दाम बंद करून दाखवला. आणि पुढची गंमत बघ. त्याच वर्षी २६ जुलैला हसदेवमधले कोळसा ब्लॉक रद्द करावेत असा ठराव विधानसभेत आला आणि एकमताने मंजूर झाला. सत्तेतले, विरोधातले, सगळे हो म्हणाले. मधल्या दीड-दोन महिन्यांत कोणी घरचं मीटर काढून दिलं होतं का? नाही. पंखे फिरतच होते, विधानसभेतलेसुद्धा. पुढे त्या ठरावाचं काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २०२३ च्या डिसेंबरात जंगलात करवती चालल्याच. पण त्याही काही कोणाच्या घरी कूलर होता म्हणून चालल्या नाहीत.

आणि आणखी मागे जायचं तर, प्रत्येकाने आपलं आपलं 'कार्बन फूटप्रिंट' मोजावं हे वेड घरोघरी कोणी नेलं माहीत आहे? बीपीने, म्हणजे पूर्वीच्या ब्रिटिश पेट्रोलियमने! २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या कंपनीने मोठी जाहिरातमोहीम केली. संकेतस्थळावर हिशेबाचा तक्ता टाकला, की तुम्ही गाडी किती चालवता, वीज किती जाळता ते भरा आणि आपला आकडा बघा. जमिनीतून तेल उपसून विकणारी कंपनी गिऱ्हाइकाला विचारतेय, तू किती जाळलंस? गुत्तेवाल्याने पिणाऱ्याला तोंडाचा वास येतो म्हणून हिणवावं, तसं झालं हे. मोजण्याची कल्पना वाईट नाही गं, शाळेत मीही मुलांकडून विजेची बिलं आणवते. पण कोण मोजायला सांगतंय आणि का, हे विचारायला काय हरकत आहे?

बरं, आता तुझ्या पंख्याचं बोलू, सरळ हिशेबाने. ज्या खाणीसाठी ती झाडं गेली, परसा ईस्ट-केते बासन, ती राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीला दिलेली. तिथला कोळसा राजस्थानच्या वीजकेंद्रांसाठी. तुझा पंखा फिरतो तो बहुतेक कोरब्याच्या वीजकेंद्रांच्या जोरावर. गेवरा, दीपका, कुसमुंडा, तिकडच्या खाणींवर. म्हणजे त्या पंगतीत तुझ्या कूलरसाठी हसदेवचं एकही झाड पडलेलं नव्हतं. पण इथेच थांबले तर मीही काकांसारखीच अर्धवट बोलते आहे असं होईल. कोरब्याचाही कोळसा जमिनीतूनच येतो, तिथेही गावं उठलीच. मात्र अजून एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या सभेत कोणी बोललं का ते सांग. कोरब्याच्या वीजकेंद्रांना नुसता कोळसा पुरत नाही, पाणी लागतं, आणि ते पाणी हसदेव नदीचं. वर बांगो धरण, खाली दर्रीचा बंधारा. त्या नदीचं पाणलोट म्हणजे तेच जंगल. तर तुझ्या पंख्याला हसदेवचा कोळसा लागत नाही, हसदेवचं पाणी लागतं! पुढच्या वेळी कोणी टोमणा मारला तर हे सांग. पंखा चालू राहावा म्हणून तरी ते रान राहू द्या, म्हणावं.

आणि काका? सकाळी त्यांची पांढरी गाडी राखाडी झालेली असते तेव्हा ते काय करतात? बोट फिरवून काळी धूळ दाखवतात आणि उरला-सिलतराच्या स्पंज आयर्नवाल्यांना शिव्या घालतात. बरोबरच आहे त्यांचं, माझ्याही गच्चीवरचे पापड काळे होतात. पण गाडी कशाची आहे? लोखंडाचीच ना? "काका, आधी गाडी भंगारात द्या, मग धुळीवर बोला," असं त्यांना आजवर कोणी म्हटलंय? सुचलंसुद्धा नाही कोणाला. चांगल्या वर्तणुकीचा हा दाखला फक्त तुझ्यासारख्यांकडेच मागतात. आणि समजा तू पंखा सोडलास, तर उद्या स्कूटी काढतील. स्कूटी सोडलीस तर सिंथेटिकची ओढणी. तिच्यावर तर बिल्ला लावला होतास! या परीक्षेत पास होणारा अजून जन्मायचा आहे, कारण ती पास करण्यासाठी घेतलेलीच नसते.

एवढं ऐकून खूश होऊ नकोस. आता तुझ्याकडे वळते.

माझ्या हळदीकुंकवाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि माझ्या अंगातही तेव्हा हेच वारं होतं. मी जाहीर केलं की आमच्या हळदीकुंकवाला थर्माकोलच्या वाट्या नकोत, प्लास्टिकचे चमचे नकोत, वाणाला प्लास्टिकचे डबे तर अजिबात नकोत. सासूबाई बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. भाड्याने दीडशे स्टीलच्या वाट्या आणल्या. बायकांनी काय कौतुक केलं! मी हातात अत्तरदाणी घेऊन मिरवत होते. रात्री साडेदहाला सगळं आवरून मागच्या अंगणात गेले, तर नळाखाली बसून त्या दीडशे वाट्या घासत होती आमच्याकडे कामाला येणारी बाई. जानेवारीतली थंडी, बर्फासारखं पाणी, पदराला नाक पुसत होती. वर बघून तिने एवढंच विचारलं, "भाभी, वो कागजवाले कटोरे अब नहीं मिलते क्या?"

मी बसले तिच्याशेजारी, उरलेल्या घासल्या. पण दीडशेपैकी चाळीसच उरल्या होत्या. पुढच्या वर्षी गोलबाजारातून पानांचे दोने आणले. आपल्याकडे ढिगाने मिळतात, ते आधी का सुचलं नाही कोण जाणे. बहुधा स्टील जास्त चमकत होतं म्हणून.

तेव्हापासून कोणी "मी आता असं जगणार" म्हटलं की माझा पहिला प्रश्न हा असतो, की त्याची भांडी कोण घासणार? तू चार दिवस कूलर बंद ठेवलास. मावशी त्याच खोलीत झोपते. तिला रक्तदाब आहे. तिला विचारलंस? नाही विचारलंस. तिने मला फोनवर ते सांगितलं नाही, तिला सांगायचं नव्हतं, पण "रात्री जरा घाबरल्यासारखं होतं" म्हणाली, त्यावरून मी समजले. काकांच्या एका टोमण्याची किंमत तू तिच्याकडून वसूल केलीस, सोन्या. रडू नकोस. पाणी पी.

मग आपण काहीच करायचं नाही का? करायचं. त्याबाबत मी काकांच्याच बाजूची आहे, थोडी. तू तुमच्या कॉलनीत घरोघर जाऊन सांगतेस ना, प्लास्टिकची पिशवी घेऊ नका? मग परवा भाजीवालीकडून तू पिशवीतच कोथिंबीर घेतलीस, ते चालणार नाही. ती भाजीवालीसुद्धा बघते. जे आपण माणसाकडे मागतो ते आधी आपण करायचं, त्यात सूट नाही. पण जे सरकारकडे मागायचं, की ग्रामसभेला विचारल्याशिवाय जंगल देऊ नका, खाणीचा कागद दाखवा, नदीचा हिशेब द्या, ते मागायला चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागत नाही. ते नागरिक म्हणून मागतोय आपण, साधू म्हणून नाही. तू या दोन्हींची खिचडी केलीस. कोथिंबिरीची लाज वाटायला हवी होती, तिथे कूलरची वाटली.

आणि लोक बघतात हे खरंच आहे. अमेरिकेत शाहझीन अत्तारी म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी २०१६ साली सहकाऱ्यांबरोबर हेच तपासलं होतं. हवामानबदलाचा अभ्यासक स्वतः विमानं आणि वीज बेसुमार वापरत असेल तर ऐकणाऱ्याचा त्याच्या सल्ल्यावरचा विश्वास कमी होतो. आपल्या आजीला हे संशोधनाशिवाय माहीत होतं, ते सोड. पण बघ, सल्ल्यावरचा विश्वास कमी होतो. जंगल कापल्यावर नदी आटते की नाही, याचं उत्तर सांगणाऱ्याच्या विजेच्या बिलावर ठरत नाही.

तुला पुण्याच्या डॉ. हेमा साने माहीत आहेत? वनस्पतिशास्त्र शिकवलं त्यांनी, गरवारे कॉलेजात. भर पुण्यात, बुधवार पेठेतल्या जुन्या घरात राहून आयुष्यभर वीज घेतली नाही. झाडं, पक्षी आणि पुस्तकं. तू म्हणशील, बघ, जमतं की! जमतं. पण त्यांची मुलाखत घ्यायला आलेल्यांना त्यांनी काय सांगितलं, तर मला कोणाला संदेश द्यायचा नाही, ज्याने त्याने आपली वाट शोधावी, अशा अर्थाचं काहीतरी. त्यांना तसं राहायला आवडत होतं, एवढंच. कोणाच्या टोमण्याला उत्तर म्हणून नव्हतं ते. दापोलीजवळ कुडावळ्याला दिलीप आणि पौर्णिमा कुलकर्णी राहतात. 'गतिमान संतुलन' मासिक त्यांनी चालवलं, 'निसर्गायण' हे पुस्तक दिलीपरावांचंच. टेल्कोतली इंजिनियरची नोकरी केलेला माणूस, कमीत कमी गरजांत खेड्यात राहिला आणि जगतो तेच लिहितो. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण ती वर्षानुवर्षांची बसलेली घडी आहे गं, दोघांनी मिळून घातलेली. चार रात्रींत घामाघूम होऊन येत नाही ती.

आपल्या इथलं उदाहरण हवं तर शंकर गुहा नियोगी. तू जन्मली नव्हतीस, मीही शाळेत होते तेव्हा. भिलाईच्या कारखान्यातली नोकरी गेली, खाणीत मजुरी केली, खाणकामगार मुलीशी लग्न केलं, आणि दल्ली-राजहऱ्याला कामगारांच्या वस्तीत मातीच्या घरात राहिले. दारू सोडा म्हणून मोहीम काढली ती आधी आपल्याच युनियनच्या माणसांत. १९८३ साली कामगारांनी वर्गणीतून आणि श्रमदानातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत रात्री झोपेत गोळी घातली त्यांना. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, एवढं मला आठवतं. पण मी हे त्यांच्या साधेपणासाठी सांगत नाहीये. ते ज्यांचे पुढारी होते त्या माणसांचं पोट कशावर होतं? लोखंडाच्या खाणीवर! जंगल, जमीन, पाणी हे बोलणं त्या माणसांत झालं. खाणीतून खातो म्हणून खाणीबद्दल बोलायचा हक्क जातो, असं त्यांना कोणी पटवू शकलं नाही. उलट ते म्हणत असणार की खाणीतलं आम्हालाच जास्त कळतं. नियोगी मातीच्या घरात राहिले ते काकांसारख्यांना गप्प करायला नाही. ज्यांच्यासाठी बोलायचं ते तिथे राहत होते, म्हणून.

आता जे सांगते ते मावशीला सांगू नकोस.

२०२१ च्या ऑक्टोबरात हसदेवहून पदयात्रा आली होती ना, तीनशे किलोमीटर चालत, दहा दिवस. राज्यपालांना भेटायला आले होते. मी गेले होते बघायला. बघायलाच, खरं सांगते, आमच्या शाळेतल्या दोघीतिघी निघाल्या होत्या म्हणून. रिकाम्या हाताने कसं जायचं, तर वाटेत दुकानातून पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स घेतला. तिथे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की जंगलासाठी चालत आलेल्या माणसांना मी प्लास्टिकच्या बाटल्या वाटणार आहे. अशी काही शरम वाटली, की मी तो बॉक्स मागे लपवायला लागले. एका म्हातारीने पाहिलं. पायाला फडकं गुंडाळलेलं, टाचा फुटलेल्या. तिने हात पुढे केला, एक बाटली घेतली, निम्मी प्यायली, उरलेली शेजारणीला दिली, मग रिकामी बाटली नळावर भरून आणली आणि पिशवीच्या बंदाला बांधून टाकली. मला काहीही बोलली नाही. माझ्या बाटल्यांकडे ती बघतच नव्हती. निघताना माझा हात धरला आणि विचारलं, "फेर आबे का?" पुन्हा येशील का?

मी हो म्हटलं.

पाच महिन्यांनी हरिहरपूरचं धरणं सुरू झालं. मी गेले नाही. परीक्षा होत्या, मग उन्हाळा होता, मग दिराचं लग्न. झाडं पडल्याचे व्हिडिओ आले तेव्हा फोनवर बघितले, दोन पुढे पाठवले. या सगळ्या काळात माझ्या घरी प्लास्टिकची पिशवी नव्हती हां! ओला कचरा, सुका कचरा वेगळा. भाजीच्या देठांचं खत. कोणी बोट दाखवू शकलं नसतं माझ्याकडे. काकासुद्धा मला कधी काही बोलले नाहीत, लक्षात आलं का तुझ्या? ते तुलाच बोलतात. कारण तू जातेस.

म्हणून मी हसले त्या दिवशी. तू पकडली गेलीस म्हणून नाही, मी पकडली गेले नाही म्हणून.

तर आता ऐक. घरी जा, कूलरमध्ये पाणी भर, मावशीला शांत झोपू दे. फोन चार्ज कर, तुझ्या फोनमधले सभेचे फोटो गटाला हवे आहेत म्हणत होतीस. पुण्याच्या लग्नाला विमानाने येणार नाही म्हणतेस ते मात्र मला पटलं. आपण दोघी आझाद हिंदने जाऊ. एक रात्र आणि वर बराचसा दिवस जातो, पण डबा घेऊन बसलं की मजा येते, आणि कोणाची भांडी पडत नाहीत. काकांना भांडून उत्तर द्यायला जाऊ नकोस. पाण्याचं ते सांग, बांगोचं, आणि आमरस वाढ अजून एक वाटी. ते मनाने वाईट नाहीत. गेल्या वर्षी खोकला महिनाभर गेला नाही तेव्हा धुळीच्या तक्रारीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, पण दिला नाही. अजून कपाटात आहे. तो मागून घे त्यांच्याकडून. तुमच्या गटातल्या कोणाला तरी तो टाइप करून पुढे पाठवता येईल.

आणि पुढच्या महिन्यात तुम्ही मुलं हसदेवला जाणार आहात ना, तिकडच्या उदयपूरच्या बाजूला? अंबिकापूरच्या गाडीचं माझंही तिकीट काढ. खालचा बर्थ बघ, माझे गुडघे आता वर चढू देत नाहीत. ती म्हातारी भेटेल असं नाही, गाव कोणतं तेही मी विचारलं नव्हतं.

निघालीस? थांब, थोडं लोणचं देते. कशात देऊ पण? माझा स्टीलचा डबा गेल्या दिवाळीपासून तुझ्याकडेच आहे. आधी तो आण.